बाई आमच्या वावरात आल्या होत्या

शाळेच्या अमृत महोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी बंदोबस्तावर होते. लेकीनं फोनवर वाचून दाखवलं. खाली पेनानं लिहिलं होतं, 'तुमच्या खो-खो संघाविषयी लिहा.' लिहायला बसले आणि तीन वेळा कागद बदलला, कारण दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच आम्हाला खो-खो शिकवणाऱ्या बाई येतात आणि संघ मागे राहतो. आता बाईंविषयीच लिहिते. नाव घालत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे.

साल १९८८. मी नववीत. तालुका जिंकला, यवतमाळला जाऊन जिल्हा जिंकला. विभागीय सामने अमरावतीला होते, दसरा झाल्यावर, म्हणजे कापसाच्या ऐन वेचणीत. आमच्या वावरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन गेली होती, बोंडं फुटून पांढरं दिसत होतं. बाबांनी साफ नाही सांगितलं. बाई घरी आल्या, तेव्हा ओसरीवर बाबा म्हणाले, "पोरीले पाठवाचं नाही असं नाही बाई. पण वेचणीले माणूस कुठून आणू?"

बाई म्हणाल्या, "मंग रविवारी मी येतो. एक माणूस आला म्हणून समजा."

आम्हाला वाटलं, बोलण्यावर बोलणं. रविवारी सकाळी सात वाजता बाई धुऱ्यावर उभ्या. सुती लुगडं, डोक्याला पंचा, कमरेला ओटी बांधलेली. आईला तर कुठं तोंड लपवू असं झालं. ती बाबांवरच चिडली, "बाईले कपाशीत उभं करता काय?" बाई तोवर कपाशीच्या तासाला, म्हणजे ओळीला, लागल्याही होत्या. बोंडाची टोकं लागून त्यांची बोटं ओरखडली, दुपारी भाकरीवर ठेचा घेताना त्या हात झटकत होत्या. बाकीच्या बाया त्यांच्या दुपटीनं पुढे गेल्या. पण बाईंनी दिवस मोडला नाही.

उन्हं उतरल्यावर त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये वं. हे झाडं म्हणजे बसलेल्या पोरी समज. एकीच्या डावीकडून, दुसरीच्या उजवीकडून. फांदीले धक्का लागला तर बाद." त्या तासातून मी वाकून, पालटून पळाले, पुन्हा पळाले. बाबा हातातलं ओझं खाली ठेवून बघत उभे होते. त्यांनी मला पळताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. संध्याकाळी सगळ्यांचा कापूस काट्यावर मोजला, बाईंचाही. बाबा मजुरी द्यायला लाजत होते. बाईंनी हात पुढे केला आणि मोजून घेतली. त्या पैशांची अमरावतीच्या स्टँडवर आम्हा बाराजणींना केळी मिळाली.

सामने हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर होते. बाई तिथेच शिकलेल्या. १९३६ मध्ये याच मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकमध्ये आपले देशी खेळ दाखवून आलं, हे त्या पावसाच्या दिवसांत वर्गात बसवून सांगायच्या. कारण पावसात आपलं मैदान म्हणजे काळ्या मातीचा राबडा, एकेका पायाला किलोभर चिखल. पुढे त्यांनीच गावात फिरून दोन बैलबंड्या मुरूम टाकून घेतला आणि खो-खोसाठी बाभळीचे खुंट रोवून घेतले.

अंतिम सामन्यात शेवटच्या तुकडीतल्या दोघी बाद झाल्या, मी एकटी उरले. मला कपाशीचा तास दिसत होता, दुसरं काही आठवत नाही. शिट्टी वाजली तेव्हा मी उभी होते. एका गुणानं जिंकलो. राज्य स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरलो, पण गावानं आम्हाला डफड्यासह मिरवलं होतं ते आधीच.

१९९६ मध्ये पोलीस भरतीच्या मैदानात उतरले ती याच पायांवर. आज सहायक पोलीस उपनिरीक्षक आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या भारतीय संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं. मी बाईंना फोन लावला. त्या आधीच टीव्हीसमोर होत्या. म्हणाल्या, "मॅटवर पळतात वं ह्या. गुडघे फुटत नसतीन."

गेल्या दिवाळीत शाळेत डोकावले. मुरमाच्या जागी सिमेंटचे गट्टू, त्यावर गाड्या. मुलींचा संघ आता नाही, पोरी संध्याकाळी ट्युशनला जातात. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण एवढी देखणी इमारत उभी राहिली आणि २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद माती तेवढी राखता आली नाही, याचं फार वाईट वाटतं. एक खुंट मात्र अजून आहे, त्याला सायकली टेकवतात.

समितीला एक विनंती. कार्यक्रमाला बाईंना अमरावतीहून मी माझ्या गाडीनं आणते. त्यांना आता पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून स्टेजवर बोलावू नका. खुर्ची खाली ठेवा, पिंपळाच्या बाजूला, तो खुंट दिसेल अशी. आणि त्या दिवशी तिथल्या सायकली तेवढ्या हलवा.