कान उलटा केला की नाक

भिंतीवरच्या तक्त्यात अ अननसाचा असतो. लातूर-उदगीरकडच्या तीन वर्षांच्या लेकरानं अननस पाहिलेला असतो तो बहुतेक त्या तक्त्यातच. पुढे य यज्ञाचा, ष षटकोनाचा. लेकरू सगळं सुरात म्हणतं, कारण सूर त्याला आवडतो. पण ‘ककमळाचा’ हा त्याच्या लेखी एकच शब्द असतो. त्यातला क कुठं संपला आणि कमळ कुठून सुरू झालं, याचा पत्ता नसतो. घरच्या घरी बालवाडी चालवायची तर पहिलं काम या ‘ककमळाचा’चे तुकडे पाडण्याचं, आणि ते कानानं करायचं.

त्याला बडबडगीतासारखं दुसरं हत्यार नाही. अडगुलं-मडगुलं टाळ्या वाजवत म्हणून बघा. लिहिताना अडगुलंमध्ये अक्षरं चार, टाळ्या मात्र तीन: अड्-गु-लं. आपडी-थापडीत अक्षरं तीन-तीन, टाळ्या दोन-दोन. मधला अ बोलताना गळून पडतो. लेकराला लिहिता येत नाही म्हणून ते बरोबर तीन टाळ्या वाजवतं. चुकतात त्या बाई, कारण त्यांना शब्द दिसत असतो. शब्दाच्या शेवटीही हीच गंमत. घर म्हणताना र नंतरचा अ कुणी उच्चारत नाही. पण फळ्यावर घ आणि र सुटे वाचायला लावले की पोरगं दोन्ही अक्षरं पुरी म्हणतं आणि त्याचं घर काही केल्या बांधून होत नाही. म्हणून सुटं अक्षर दाखवलं की लगेच घसरगुंडीसारखं जोडून म्हणायचं. घ लांबवायचा, र वर थांबायचं: घऽऽर.

आठवड्याला एकच गाणं पुरतं. मोबाइलवरची गाणी फार पळतात, तीन वर्षांचं तोंड त्या वेगाला पुरत नाही. पहिले दोन दिवस नुसतं ऐकायचं, हातवारे करायचे. तिसऱ्या दिवशी ओळीतला शेवटचा शब्द बाईंनी गिळायचा आणि लेकरांनी भरायचा. शब्द भरायला लागली की मग खोडी काढायची: ‘आपडी कापडी’, ‘आपडी मापडी’. जे लेकरू हसलं, त्याच्या कानानं पहिला आवाज वेगळा पकडला असं समजा. याहून सोपी परीक्षा नाही.

अक्षरांचा क्रम तक्त्याप्रमाणं धरण्याची गरज नाही. गमभन हा जुना क्रम हातासाठी छान, वळणं सारखी आहेत. पण नेमकं त्यामुळंच म आणि भ एकमेकांत मिसळतात. वाचायला सुरुवात करताना क, म, न, र ही चार अक्षरं आणि काना एवढं पुरे. एवढ्यात काका, मामा, नाना, कान, नाक, मान, मका, रान इतके शब्द होतात. कान उलटा म्हटला की नाक होतो हे कळल्यावर पोरं तासभर दुसरं काही करू देत नाहीत. आठवड्याला दोन अक्षरं, तिसरं नको. घ-ध, ब-व, थ-य या जोड्यांत किमान पंधरा दिवसांचं अंतर ठेवावं. ‘ख’ला ‘रव’ वाचलं तर रागावू नये, लिहिलेलं तसंच दिसतं. पहिली वेलांटी मात्र खरी छळते. तोंडानं आधी च आणि मग इ, हातानं आधी वेलांटी आणि मग च.

च आणि ज दोन-दोन तोंडांचे आहेत, हे तक्ता सांगत नाही. चूल आणि चिमणी, जातं आणि जिरं हे शब्द सावकाश म्हणा, जीभ वेगळ्या जागी टेकते. चिंच म्हणताना तर एकाच शब्दात दोन्ही च येतात. लेकरं हे आईच्या मांडीवरच शिकून आलेली असतात, तेव्हा नियम सांगत बसू नये. फक्त ‘च’साठी चित्रं दोन लावावीत.

आपल्याकडच्या वर्गात एक भाषा क्वचितच असते. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या खुणा तोंडातोंडात आहेत. देगलूरकडं तेलुगू, उदगीरकडं कानडी, शहरांत दखनी, तांड्यावर गोरमाटी. तेलुगू-कानडी घरातल्या लेकराचा ख पुष्कळदा क होतो. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरायची. क म्हटल्यावर ती जवळजवळ हलत नाही, ख म्हटल्यावर फडफडते. फ, थ, ठ यांनाही हीच पट्टी. आणि मराठी घरातलं लेकरू ‘पानी’ म्हणालं तर ती चूक नव्हे, त्याच्या आजीची बोली आहे. ‘ण’ हा वेगळा खेळ म्हणून शिकवावा, आरशासमोर, जिभेचं टोक वर वळवून. बोबडा र पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत तसाच राहू द्यावा.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडलं, खरखरीत अक्षरं त्यांचीच देणगी. घरी करायला सोपी आहेत. जाड पुठ्ठ्यावर चार इंचांचं अक्षर काढायचं, फेविकॉलचा पातळ हात द्यायचा, चाळलेली वाळू भुरभुरायची, रात्रभर वाळू द्यायचं. डिंक जाड झाला तर वाळू खपल्यांसारखी सुटते. रवा वापरला तर सकाळी अक्षरावर मुंग्या. दोन बोटांनी गिरवायचं आणि गिरवताना आवाज म्हणायचा, शिरोरेषा सर्वांत शेवटी. चिंचोक्यांची अक्षरंही सुरेख होतात, पण तीनच्या आतल्यांना चिंचोका देऊ नये. तो थेट नाकात जातो.

पालकांना इंग्रजी हवं असतंच. द्या, पण बी-ए-टी म्हणून बॅट होत नाही, ब्-ॲ-ट् म्हणावं लागतं. ॲ आणि ऑ शासनानं २००९मध्ये मराठी वर्णमालेत घेतले आहेत. अ अननसाचा ठेवायचाच असेल तर शेजारी ॲ ॲपलचा चालेल.

बाकी चित्रं बदलायला हरकत नाही. म मोसंबीचा, ह हुरड्याचा, औ औताचा. ट तर टँकरचाच. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. अशा मुलखात ‘ये रे ये रे पावसा’ म्हणताना मोठ्यांचाही सूर खरा लागतो. ङ आणि ञ यांना चित्र मिळत नाही. पोरं ङ ला टिकली लावलेला ड म्हणतात. म्हणू द्यावं.