आमची वाटचाल: टाक्या विकण्यापासून टाक्या चालवण्यापर्यंत

भोसरी एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. दुधाच्या टाक्या, शेडच्या कैच्या, ग्रिल, जे येईल ते काम करायचो. बायोगॅसमध्ये आम्ही कुठल्या ध्येयाने वगैरे आलो नाही. एका कारखान्याच्या कँटीनला डायजेस्टर, म्हणजे ओला कचरा जंतूंकडून कुजवून गॅस काढायची बंद टाकी, बनवून हवा होता. ड्रॉइंग त्यांचं, पत्रा आमचा. टाकी दिली, बिल मिळालं. महिन्याभराने फोन आला, "टाकी भरली, पण गॅस काही येत नाही." वेल्डिंगवाल्याला जंतूंचं काय विचारता, असं म्हणत बघायला गेलो आणि तिथेच अडकलो.

तेव्हा पुण्यात कचऱ्याचा विषय तापलेलाच होता. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी डेपोकडे येणाऱ्या गाड्या अडवल्या की शहरात कोपरे न् कोपरे भरायचे. शास्त्राची मात्र वानवा नव्हती. शेणापेक्षा पीठ-साखरेच्या पदार्थांतून कितीतरी पट गॅस मिळतो, हे पुण्याच्याच 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्व्यांनी दाखवून दिलं होतं. त्या कामाला 2006 साली ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचं 'निसर्गऋण' तंत्र विकसित केलं होतं. आम्ही त्यातलं वाचत गेलो, चालू प्लांट बघत गेलो.

"परदेशात कचरा जाळून वीज करतात, मग आपल्याकडे का नाही?" हा प्रश्न आम्हाला प्रत्येक मीटिंगमध्ये एकदा तरी येतो. प्रयोग झालाय की! दिल्लीत तिमारपूरला 1987 साली डेन्मार्कच्या तंत्राने रोज 300 टन कचरा जाळायचा प्लांट उभा राहिला आणि थोड्याच काळात बंद पडला, कारण आपल्या कचऱ्यात जळण्यासारखं कमी, ओलं आणि माती जास्त. भाजीचे देठ, भात, आमटी, चहाचा चोथा यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं. ते आधी वाळवायचं आणि मग जाळायचं, यात हाती काय राहणार? ओल्या कचऱ्याला ओल्यातच कुजवायचं, हवा लागू न देता. आमचा सगळा धंदा एवढ्यावर आहे.

2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना 'मोठे उत्पादक' ठरवलं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. मग काय, फोन थांबेनात. हॉटेलं, वसतिगृहं, सोसायट्या. धंदा वाढला, पण फिरून त्याच जागी गेलो की जीव तुटायचा. बिल्डरने सर्वात स्वस्त कोटेशन घेऊन प्लांट बसवलेला, कागद पूर्ण झाले की कुलूप. गॅस साठायच्या डोमवर गंज, क्रशरच्या हॉपरमध्ये मांजर. एका नगरपालिकेच्या कामात तर उद्घाटनाला फुलांची कमान होती, पण नंतर येणाऱ्या ट्रॉलीत चपला, नारळाच्या करवंट्या, बांधकामाचा राडारोडा. वेगळा केलेला कचरा देऊ, हे टेंडरमध्ये छापलेलं होतं. शेवटचा हप्ता मिळवायला आमच्या अकाउंटंटच्या चपला झिजल्या.

त्यानंतर आम्ही नुसता प्लांट विकणं बंद केलं. आता चालवायचा करार असेल तरच टाकी बसवतो. महिन्याला ठरलेली रक्कम, आमचा माणूस रोज जागेवर, गॅस ग्राहकाचा. बरीच गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

कारण खरं काम टाकीत होत नाही, भटारखान्याच्या मागच्या दारात होतं. आमच्याकडे ऑपरेटर म्हणून ज्या मावशी आहेत, त्यातल्या काहींनी आधी कचरा वेचण्याचं काम केलंय. त्यांचा हात खरकट्यात गेला की चमचा, सॉसची पुडी, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा अचूक बाहेर येतो. तो कोपरा दिसायला नखाएवढा, पण असे शेकडो जमले की पाइप तुंबतो. आंब्याच्या दिवसांत कोयी वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर क्रशर जाम. उन्हाळ्यात सरबताची लिंबं निघतात, ती पोतंभर आत गेली की जंतू रुसतात. उलट संकष्टीला साबुदाण्याची खिचडी उरली की दुसऱ्या दिवशी डोम टम्म. आमची एक मावशी बर्नरची ज्योत बघून सांगते, "प्लांटला अ‍ॅसिडिटी झालीय, आज उपास." म्हणजे जास्त खायला घातलं, आम्ल वाढलं, मिथेन घटला, ज्योत टिकेना. पीएच बघितला की बहुतेक वेळा तिचंच खरं निघतं. मग फीडिंग बंद, थोडा चुना, थोडा शेणकाला.

आकडे लोक फुगवून सांगतात, म्हणून आमचे सांगतो. अर्धा टन चांगला ओला कचरा दिला तर दिवसाला चाळीस-पन्नास घनमीटर गॅस, म्हणजे साधारण 19 किलोचा एक कमर्शियल सिलिंडर. थंडीत त्याहून कमी. शेगडीवर वापरा, हा आमचा सल्ला. वीज करायची तर एका घनमीटरला दीड युनिटच्या आसपास पडते, आणि वर गंधकवायू गाळा, इंजिन सांभाळा. शे-दीडशे टनांची गोष्ट वेगळी. इंदूरचा रोज 550 टनांचा बायो-सीएनजी (म्हणजे शुद्ध करून गाड्यांना भरायचा बायोगॅस) प्लांट 2022 पासून आहे. तिथे घराघरांतून कचरा वेगळा होऊन येतो, हे मात्र तो बघायला जाणारे विसरतात. नुसत्या गॅसच्या बचतीवर छोटा प्लांट पैसे लवकर फेडत नाही, हे आम्ही कोटेशनच्या पहिल्याच पानावर लिहितो. कचरा उचलायचा खर्च वाचतो, तो धरा, मग हिशोब बसतो.

2020 च्या लॉकडाउनमध्ये कँटीनं बंद पडली आणि डायजेस्टर उपाशी. गोठ्यातलं शेण आणि गिरणीतलं खाली सांडलेलं पीठ, यावर ते जेमतेम जिवंत ठेवले. कँटीनं उघडली तेव्हा नव्याने बियाणं, म्हणजे जंतूंचं विरजण, घालावं लागलं नाही, म्हणून दोन मोठे करार टिकले. मावशींचा पगार त्या काळातही चालू होता; बँकेतलं कर्ज त्याचंच आहे, अजून फिटतंय.

सध्या एका भाजी मार्केटचं काम बघतोय. कोबीचा पाला, फ्लॉवरचे देठ भरपूर, पण गॅस देणारं पिष्ट कमी. जवळच्या बेकरीतला शिळा पाव मिळाला तरच घेऊ, असं त्यांना कळवलंय.

प्लांट बघायचा असेल तर सकाळी फीडिंगच्या वेळी या, साडेनऊच्या सुमाराला. येताना जुने कपडे घाला.