रानडुकरांनी तळी फोडली
सकाळी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) गेलो तर तळीचा बांध एका बाजूने ढासळलेला. गांडुळं नि कंद शोधत नाकाडाने हातभर खोल उकरलंय, खुरांचे ठसे अजून ओले, पाणी सगळं पोफळींत. सुरण? साफ! डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून अंग थंड ठेवायला चिखल लागतो. उन्हाळ्यात आमची तळी म्हणजे त्यांचं हक्काचं न्हाणीघर.

काका तापले, "बार काढूया!" म्हटलं, काका, १९७२चा वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय मारलं तर आपणच आत. पंचनाम्यासाठी फोटो काढले, मग दुपारभर चिरे नि माती रचत बसलो. कंबर गेली.

आता सौर कुंपणाचा विचार चाललाय. कुणी घातलंय का? पावसात गवत तारेला टेकलं की झटका कमी होतो म्हणतात, म्हणजे गवत कापणारा माणूसही शोधा!