आमची वाटचाल : कातकाम आणि प्रदर्शनाचं टेबल

दिवाळीच्या प्रदर्शनात जो करंडा विकायचा, त्याचं लाकूड मागच्या दिवाळीला गाळ्यात येऊन पडलेलं असावं लागतं. लाकूड कातून वस्तू करायच्या आणि प्रदर्शनात विकायच्या, हा आमचा सगळा धंदा या एका हिशोबावर चालतो. नवीन माणूस आधी स्टॉल बुक करतो आणि मग लाकूड शोधत फिरतो. मग ओल्या लाकडाच्या वाट्या तिसऱ्या दिवशी हॉलच्या एसीत तडकतात.

मुंबईत आम्ही लाकूड दोन ठिकाणांहून घेतो. एक रे रोडचा लाकूडबाजार. दुसरं, पुनर्विकासात पाडलेल्या जुन्या चाळींचे वासे, चौकटी आणि जिन्याचे कठडे. चाळीतला साग पन्नास-साठ वर्षं वाळलेला असतो, त्यामुळे तो फारसा फुगत-आकसत नाही. मात्र त्यात खिळे असतात. डोकं तुटलेला खिळा वरून दिसत नाही, पण त्याच्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, कारण लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काळा डाग धरतं. असा डाग दिसला की तेवढा तुकडा कापून टाकायचा. शिवाय चुंबक फिरवूनच तुकडा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवायच्या यंत्रावर, चढवायचा. सागात वाळूसारखी सिलिका असते, म्हणून पटाशीची धार लवकर जाते. हायस्पीड स्टीलच्या पटाश्या घ्या आणि ग्राइंडर लेथच्या शेजारीच ठेवा. धार गेलेल्या पटाशीने तंतू कापले जात नाहीत, उपटले जातात. ते खड्डे मग अर्धा तास पॉलिश पेपर मारूनही निघत नाहीत.

आंबा स्वस्त मिळतो आणि त्याचे रेषे सुंदर असतात, पण तो ओला येतो. ८ इंची वाटी करायची असेल तर आधी ती २० मिलिमीटर जाडीची, ओबडधोबड कातून घ्यायची. जाडी व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी. आडव्या कापावर, म्हणजे जिथे तंतूंची टोकं उघडी पडतात तिथे, मेण किंवा फेव्हिकॉल लावायचा. मग तारीख आणि वजन वर लिहून कागदी पिशवीत ठेवायची. दर आठवड्याला वजन करायचं. तीन-चार आठवडे काटा हलला नाही की वाटी वाळली. हे मोजमाप नोव्हेंबर ते मे या काळातलंच धरा. जुलैत ८५ टक्के दमट हवेत लाकूड उलट पाणी पितं आणि १७ टक्के ओलाव्यापर्यंत चढतं. तेच हिवाळ्यात ११ टक्क्यांच्या आसपास असतं. पावसाळ्यात काटा स्थिर दिसला म्हणजे लाकूड वाळलं असं नव्हे, ते फक्त बाहेरच्या हवेशी जुळलेलं असतं.

या सहा टक्क्यांच्या फरकाची खरी परीक्षा करंड्याच्या झाकणात होते. ६० मिलिमीटर व्यासाचा सागाचा करंडा घ्या. साग वार्षिक कड्यांच्या दिशेने पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत सुमारे ५.८ टक्के आकसतो, आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के. त्यातला साधारण पाचवा हिस्सा या सहा टक्क्यांत येतो, म्हणजे हिवाळा ते पावसाळा एका बाजूने ०.७ मिलिमीटर फुगवटा, दुसऱ्या बाजूने ०.३. करंडा गोल राहत नाही, किंचित लांबट होतो. डब्याचं तोंड एका दिशेला लांबट आणि झाकण दुसऱ्या दिशेला, असं झालं की झाकण अडकलंच. म्हणून डबा आणि झाकण एकाच तुकड्यातून काढायचे, आणि बंद केल्यावर दोन्हींचे रेषे जुळतील अशी खूण पेन्सिलने आतून करून ठेवायची. भिंती ३-४ मिलिमीटर जास्त जाड ठेवून आतून कोरायचं, दोन्ही भाग वेगळे करून तीन आठवडे तसेच ठेवायचे, मगच शेवटचं माप. तोंडाची खाच ६ मिलिमीटर उंच पुरते. लेथवर कातताना झाकण "टप्" आवाज करून घट्ट बसलं की नवशिक्या खूश होतो. प्रदर्शनात मात्र बाई एका हाताने झाकण उचलते. सगळा करंडा वर आला तर ती तो परत ठेवून पुढे जाते. ०.३ मिलिमीटर मोकळीक ठेवा. आतून तेल लावू नका, कुंकवाच्या गुठळ्या होतात. लाखेचे दोन पातळ हात पुरेत.

लाखेबद्दल एक गोष्ट अनुभवाने पक्की झाली. लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून, एक लिटरला साधारण १५० ग्रॅम, हे पॉलिश मे अखेरपर्यंतच मारायचं. पावसाळ्यात स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढरी झाक येते. पावसात आम्ही लाखेची कांडी वापरतो, जशी कर्नाटकातल्या चन्नपट्टणला खेळण्यांसाठी वापरतात. फिरत्या वस्तूवर कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते आणि केवड्याच्या पानाने ती सपाट करता येते. यात स्पिरिटच नाही, त्यामुळे झाक येत नाही. गरम कप ठेवायच्या चकतीवर मात्र लाख नको, ती मऊ पडते. जवसाचं तेल वापरत असाल तर चिंध्या बोळा करून टाकू नका. आतल्या आत तापून त्या पेट घेतात. दोरीवर पसरून वाळू द्या.

विक्रीचा खरा आधार लाटणं. घरात लाटणं असतं, तरी चांगलं दिसलं की बाई दुसरं घेते. बाभळीचं किंवा शिसवीचं, १३ इंच लांब, मध्ये ३० मिलिमीटर आणि टोकांना २२. खोडाचा अगदी मधला बिंदू आलेला तुकडा घ्यायचाच नाही, तो हमखास वाकतो. ३६ मिलिमीटरचा चौरस तुकडा कापून महिनाभर ठेवायचा, मग कातायचा. १२०, १८०, २४०, ३२० असा पेपर क्रमाने मारायचा, मध्ये एकही नंबर गाळायचा नाही. मग ओल्या फडक्याने पुसायचं. तंतू उभे राहतात. वाळल्यावर ३२० चा एक हलका हात द्यायचा. हे केलं नाही तर पहिल्यांदा धुतल्यावर लाटणं खरखरीत होतं आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तेच येऊन सांगतं. टेबलावर आम्ही फूटभर काच ठेवतो. लाटणं त्यावर फिरवलं की वाकलेलं असेल तर टोकांखालची उजेडाची फट कमी-जास्त होताना दिसते. ज्याला घ्यायचंय त्याला स्वतः फिरवून बघू द्या, बोलायला लागत नाही.

किंमत ठरवताना स्टॉलचं भाडं विसरलं जातं. समजा करंड्याला लाकूड ४० रुपये, पाऊण तासाचं काम ताशी ३०० प्रमाणे २२५, लाख, पेपर आणि पॅकिंगची डबी मिळून ३०. एकूण २९५. किंमत ४५० ठेवली तर एका करंड्यामागे १५५ सुटतात. तीन दिवसांचं भाडं १२,००० आणि टेम्पो २,००० धरला तर नुसता स्टॉलचा खर्च निघायलाच ९० हून जास्त करंडे विकले पाहिजेत. म्हणून टेबलावर तीन थर लागतात : शंभराच्या आतली वस्तू, पाचशेच्या आतली आणि दोन-चार मोठ्या वाट्या. मोठ्या वाट्या गर्दी थांबवतात, लाटणी भाडं फेडतात. भाडं आणि वाहतूक अपेक्षित विक्रीच्या पाचव्या हिश्शावर जात असेल तर आम्ही ते प्रदर्शन सोडतो.

मुंबईतला सगळ्यात खात्रीचा माल मात्र टेबलावर विकला जात नाही. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचं वाण. ३० मिलिमीटरची कुंकवाची डबी, पन्नासच्या ऑर्डरने. दिवाळीच्या प्रदर्शनात नमुना ठेवायचा, डिसेंबरमध्ये निम्मे पैसे आगाऊ घेऊन ऑर्डर पक्की करायची. पन्नास डब्या एकेक पूर्ण करत बसू नका. आधी सगळ्यांचं बाहेरून कातणं, मग सगळ्यांचं कोरणं. हत्यार आणि चक (तुकडा पकडणारा लेथचा जबडा) दर वेळी बदलावे लागत नाहीत, तिथेच वेळ वाचतो.

दादर-पार्ल्याच्या हॉलमधलं प्रदर्शन आणि काळा घोडा, ही दोन वेगळी कामं आहेत. १९९९ पासून भरणारा काळा घोडा महोत्सव उघड्या रस्त्यावर, नऊ दिवस चालतो. तिथे दुपारच्या उन्हात पातळ वाटी तासाभरात वाकते, म्हणून वर कापड आणि पातळ माल मागच्या सावलीत. हॉलमध्ये ६ बाय २ फुटांचं टेबल मिळतं आणि ते बुटकं पडतं. वस्तू छातीच्या उंचीला आल्या पाहिजेत. माल ज्या खोक्यांतून आणतो तीच खोकी उभी करून मांडणी होईल अशी बनवून घ्या, भरलेलं खोकं १५ किलोच्या आत. लोकलच्या लगेज डब्यातून न्यायचं तर याहून जड खोकं दादरच्या पुलावर चढवत नाही. पिवळसर, ३००० केल्विनचे एलईडी दिवे न्या. पांढऱ्या ट्यूबखाली साग राखाडी दिसतो. लेथ हॉलमध्ये लावू देत नाहीत, म्हणून साल असलेला, अर्धाच कातलेला एक ओंडका टेबलावर ठेवतो. "हे हाताने केलंय का?" याचं उत्तर तो देतो.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आणि ऑनलाइन होते. मालाची वार्षिक विक्री ४० लाखांच्या आत आणि राज्यातच असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. भोवरे आणि खुळखुळे विकायचे असतील तर सावध राहा : १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून त्यांचं पहचान कार्ड आधी काढा, भोवरे नंतर काता.

प्रदर्शन चालू असताना वहीत दोन रकाने ठेवतो : काय विकलं, आणि काय हातात घेऊन परत ठेवलं. दुसरा रकाना जास्त वाचावा लागतो. पन्नास जणांनी उचलून ठेवलेल्या वाटीची किंमत चुकलेली असते किंवा वजन. कुणी उचललीच नाही तर आकार चुकलेला असतो. उरलेला माल गाळ्यात आला की आठवडाभर खोक्यातच ठेवायचा, एसीतून आलेलं लाकूड एकदम बाहेर काढायचं नाही. त्याच आठवड्यात रे रोडला जाऊन पुढच्या दिवाळीचं लाकूड आणायचं.