ऱ्हाइनच्या खोऱ्यात: बोट थोडी, रेल्वे जास्त

जर्मनीत बिंगेनपासून कोब्लेंझपर्यंतचा ऱ्हाइनचा पट्टा साधारण 65 किलोमीटरचा. 2002 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. हा टप्पा बोटीनेच करायचा, असं बहुतेक जण सांगतात. मला ते पटलं नाही. दिवसभर डेकवर बसलं की दुपारनंतर किल्ले एकमेकांत मिसळायला लागतात. बोट घ्यावी ती बाखाराख ते सांक्त गोआर एवढीच. नदी उत्तरेकडे वाहते, त्यामुळे या दिशेने पाऊण तासाच्या आसपास पोचता येतं. उलट आलात तर तेच अंतर चांगलं रेंगाळतं.

बाकीचा प्रवास रेल्वेने. माइंझहून कोब्लेंझला डाव्या तीरावरून जाणारी लोकल गाडी पकडा आणि उजव्या हाताची खिडकी अडवा. रूळ बराच वेळ नदीला खेटून जातात. डॉइशलांडटिकेट हा महिन्याचा पास या गाड्यांना चालतो, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना नाही.

बेत आखताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: माइंझ आणि कोब्लेंझच्या मध्ये ऱ्हाइनवर पूलच नाही. नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणारं समोरचं गाव फेरीबोटीशिवाय गाठता येत नाही, आणि संध्याकाळी फेऱ्या थांबतात. शेवटची फेरी किती वाजता, हे आधी बघा.

मला सगळ्यात आवडलं ते काउब हे गाव. इथे नदीच्या मधोमध, एका खडकाळ बेटावर फाल्त्सग्राफेनश्टाइन हा किल्ला उभा आहे. 1327 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला म्हणजे खरं तर जकातनाका. ये-जा करणाऱ्या गलबतांकडून पैसे उकळण्यासाठीच तो बांधला. 1813-14 च्या नववर्षाच्या रात्री ब्ल्यूशर या प्रशियन सेनापतीने नेपोलियनचा पाठलाग करताना इथेच नदी ओलांडायला सुरुवात केली. किल्ल्यात जायला काउबहून छोटी बोट असते. काउबची पाण्याची मोजपट्टीही प्रसिद्ध. ऑक्टोबर 2018 मध्ये तिच्यावरचा आकडा 25 सेंटिमीटरपर्यंत उतरला होता. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, जहाजांची वाट त्याहून खोल असते. पण तो घसरला की मालवाहू जहाजांना कमी माल घेऊन निघावं लागतं. कोरड्या उन्हाळ्यात प्रवासी बोटींच्या वेळापत्रकालाही फटका बसतो, म्हणून त्याच दिवशी सकाळी चौकशी करा.

पुढे लोरेलाय. नावाड्यांना भुलवणाऱ्या सुंदरीवरची हायने या जर्मन कवीची कविता डोक्यात घेऊन गेलात तर हिरमोड ठरलेला. तो एक उंच कडा आहे, बस. मात्र नदी तिथे अरुंद होऊन वळते, आणि समोरून काय येतंय हे दिसत नसल्याने जहाजांसाठी काठावर दिव्यांचे सिग्नल लावलेत. कड्यापेक्षा ते जास्त बघण्यासारखे.

एकच किल्ला आतून बघायचा असेल तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. या टप्प्यातल्या डोंगरी किल्ल्यांपैकी कधीही उद्ध्वस्त न झालेला हा एकटाच. आत गाइडबरोबरच सोडतात आणि इंग्रजी फेऱ्या मोजक्या असतात. स्टेशनपासून चढ चांगलाच आहे. सोबतच्या सासूबाईंनी खालच्या गावातच कॉफी घेत बसणं पसंत केलं. गुडघे दुखणाऱ्यांना कोब्लेंझचा एरेनब्राइटश्टाइन किल्ला सोयीचा. नदीवरून जाणारी केबल कार थेट वर नेते. मोझेल आणि ऱ्हाइनचा संगमही तिथूनच छान दिसतो.

शाकाहारींनी काळजी करू नये. बटाट्याचे कार्टोफेलपुफर सफरचंदाच्या सॉसबरोबर मिळतात. फ्लामकूखन, म्हणजे पिझ्झासारखी पातळ भाजलेली पोळी, घेताना मात्र त्यात स्पेक, म्हणजे डुकराचं मांस, नको असं स्पष्ट सांगा. मुक्कामाची खोली घेताना नदीच्या देखाव्याला भुलू नका. दोन्ही काठांवरून रात्रभर मालगाड्या धडधडत जातात, म्हणून मागच्या बाजूची मागा. आणि रविवारी सुपरमार्केट बंद असतात, तेव्हा खाऊ-पाणी शनिवारीच भरून ठेवा.