पूल नंतर, भट्टी आधी: आयर्नब्रिजच्या घळीत दोन दिवस

आयर्नब्रिजला येणारे बहुतेक प्रवासी बसमधून उतरतात, लोखंडी पुलावर फोटो काढतात, पलीकडे जाऊन परत येतात आणि तासाभरात निघतात. पूल सुंदर आहे, पण नुसता पूल पाहिला तर तो का बांधला गेला आणि असाच का बांधला गेला, हे कळत नाही. म्हणून आम्ही उलट्या क्रमाने गेलो: आधी भट्टी, मग पूल, आणि दुसऱ्या दिवशी कालवा. जाणाऱ्या प्रत्येकाने हाच क्रम ठेवावा, असं आमचं ठाम मत आहे.

ही घळ इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, सेव्हर्न नदीवर आहे. जवळचं मोठं स्टेशन टेलफर्ड सेंट्रल. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून तिथे पोचायला पाऊण तास लागतो. स्टेशनपासून घळ आठेक किलोमीटर. बसने जाणार असाल तर परतीची शेवटची बस आधीच पाहून ठेवा, आणि रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. इथे एक संग्रहालय नसून घळभर पसरलेली अनेक आहेत आणि सगळी रोज उघडी नसतात, त्यामुळे निघण्याआधी प्रत्येकाचे वार तपासा. जोडे पकड असलेले हवेत. वाटा उताराच्या आहेत आणि पावसात शेवाळाने निसरड्या होतात.

बसचालकाला कोलब्रुकडेल म्हणून सांगा, आयर्नब्रिज नव्हे. लोखंडाच्या संग्रहालयाशेजारी काचेच्या तिकोनी छपराखाली विटा-दगडांचा एक ढासळलेला बुरूज दिसतो. हीच ती जुनी भट्टी. १७०९ साली अब्राहम डार्बीने इथे लोणारी, म्हणजे लाकडाच्या, कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, वापरून खनिजातून लोखंड काढलं.

पायाशी उभं राहून आधी वर पाहा. भट्टी उताराला टेकून बांधलेली आहे, त्यामागे हिशेब आहे. खनिज, कोक आणि चुनखडी वरच्या तोंडातून ओतायची असते. टेकडीचा माथा आणि भट्टीचं तोंड एका पातळीत असलं की हातगाडी सरळ ढकलत नेता येते, ओझं उचलून चढवावं लागत नाही. त्याच टेकडीवर तलाव, तलावाच्या पाण्यावर फिरणारं चाक आणि चाकावर चालणारे दोन मोठे भाते. भात्यांचा झोत एका कमानीतून आत शिरायचा, दुसऱ्या कमानीतून वितळलेलं लोखंड बाहेर काढायचं. चुनखडी खनिजातल्या मातीशी एकजीव होऊन मळी बनते. मळी हलकी, ती वर तरंगते. लोखंड जड, ते तळाशी साचतं.

एकदा पेटवलेली भट्टी महिनोन्‌महिने विझवायची नाही. विझली की आतला सगळा ऐवज गोठून बसतो आणि तो फोडून काढावा लागतो. म्हणून उन्हाळ्यात तलाव आटला की सगळं काम अडायचं. १७४० च्या दशकात कंपनीने यावर उपाय काढला: वाफेचं इंजिन बसवलं. पण ते भाते हलवायला नव्हतं. चाकावरून खाली पडलेलं पाणी ते पुन्हा वरच्या तलावात चढवायचं. चाक जुनंच राहिलं, पाणी तेवढं फिरून फिरून वापरलं गेलं. औद्योगिक क्रांती म्हणजे वाफ आली आणि पाणचक्की गेली, असं आपण शाळेत शिकतो. इथे त्या दोघी एकाच टेकडीवर, एकमेकींच्या मदतीने काम करत होत्या.

आता कोकचं महत्त्व. लोणारी कोळसा लाकडाचा, म्हणून ठिसूळ. भट्टी उंच केली तर वरच्या थरांच्या वजनाने तो चुरडतो, झोत अडतो आणि भट्टी गुदमरते. शिवाय त्याला झाडं लागतात, आणि झाडं वाढायला वर्षं लागतात. दगडी कोळसा मुबलक होता, पण तो तसाच घातला तर त्यातलं गंधक लोखंडात उतरतं आणि असं लोखंड लाल तापवून ठोकलं की तडकतं. कोळसा हवा रोखून भाजला की गंधकाचा काही भाग आणि डांबर उडून जातं, उरतो तो कठीण, सच्छिद्र कोक. डार्बीचं नशीब असं की या घळीतल्या कोळशात गंधक मुळातच कमी होतं. कोळसा, खनिज, चुनखडी, भट्टीच्या विटांची माती, हे सगळं चालत जाता येईल इतक्या अंतरात, आणि माल ब्रिस्टलकडे न्यायला खाली सेव्हर्न.

एवढं असूनही पुढची चाळीसएक वर्षं बाकीच्या भट्टीवाल्यांनी कोककडे पाठ फिरवली, आणि त्याला त्यांचा हट्ट कारण नव्हता. कोकवरच्या लोखंडात सिलिकॉन जास्त उतरतं. ते साच्यात छान वाहतं, पण ते शुद्ध करून घडीव लोखंड बनवायचं तर जास्त मेहनत आणि जास्त इंधन जातं. त्या काळी गिऱ्हाईक होतं ते घडीव लोखंडाला: खिळे, नाल, कुलपं, अवजारं. डार्बीचा धंदा वेगळा होता. १७०७ साली त्याने वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं होतं. पातळ भिंतीच्या भांड्याला हवं असतं नेमकं हेच सहज वाहणारं लोखंड. आपण ज्याला बीड म्हणतो तेच हे. संग्रहालयातल्या काळ्या, तीन पायांच्या हंड्या पाहताना घरचा बिडाचा तवा आठवतो, आणि ती आठवण खरोखरच नेमक्या धातूची आहे. ज्या गुणामुळे कोकचं लोखंड लोहाराला नकोसं होतं, त्याच गुणावर हंड्या ओतणाऱ्याचं घर चाललं. शतकाच्या मध्यावर त्याच्या मुलाच्या, दुसऱ्या अब्राहम डार्बीच्या काळात घडाईला चालेल असं कोकचं लोखंड निघू लागलं, तेव्हा कुठे ही पद्धत देशभर पसरली.

भट्टीच्या तोंडावरच्या ओतीव तुळया वाचायला विसरू नका. जुन्या तुळयांवर सतराव्या शतकातला सन आहे, म्हणजे डार्बी येण्याआधीही ही भट्टी होतीच. नव्यांवर त्याच्या नातवाचं, तिसऱ्या अब्राहम डार्बीचं नाव आणि १७७७. त्याच सुमारास हाच माणूस पुलाच्या खर्चाने बुडत चालला होता.

तिथून पुलापर्यंत पायी अर्धा तास. रस्ता अरुंद आहे, पदपथ मध्येच एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो.

पुलावर लगेच चढू नका. काठाने खाली उतरा आणि कमानीच्या पोटाखाली उभे राहा, कारण सगळी गंमत सांध्यांत आहे. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) १०० फूट ६ इंच, वजन ३७८ टन, ओतीव तुकडे सतराशेच्या आसपास. मुख्य कमानी पाच, प्रत्येक दोन अर्ध्यांत ओतलेली. एक अर्धा सुमारे ७० फूट लांब आणि पाच टनांहून जड. आता नट-बोल्ट शोधा. मूळ कामात ते जवळपास नाहीतच; माथ्यावर अर्ध्या कमानी जोडायला तेवढे बोल्ट वापरले. बाकी इथे आहेत साल-कुसू (खाचेत बसणारी जीभ), डव्हटेल (पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा सांधा) आणि पाचरी, म्हणजे सुतारकामच. लोखंडाचा एवढा मोठा पूल त्याआधी कुणी बांधलेलाच नव्हता, तेव्हा कारागिरांनी हाताला ठाऊक असलेले लाकडाचे सांधे लोखंडात ओतले. आराखडा श्रूझबरीच्या थॉमस प्रिचर्डचा. तो स्वतः सुताराच्या धंद्यातून वास्तुकामात आलेला. पूल उभा राहण्याआधीच, १७७७ च्या डिसेंबरात तो वारला.

जरा वेळ देऊन पाहिलं तर आणखी एक गोष्ट उमगते. एकसारखे दिसणारे तुकडे एकसारखे नाहीत. बरेचसे तुकडे त्या त्या जागेचं माप घेऊन एकेकटे ओतले होते. आधी मोठ्या कमानी उभ्या करायच्या, मग मधल्या मोकळ्या जागा मोजायच्या, मग त्या मापाचा तुकडा ओतायचा. काही ठिकाणी ओतकामात हवा अडकून राहिलेली छिद्रं दिसतात. दुर्बीण जवळ असेल तर ती याच कामी आणा. कमानी उभारल्या १७७९ च्या उन्हाळ्यात. उभारणी कशी केली याचा मागमूस दोनशे वर्षं नव्हता. १९९७ साली स्टॉकहोममध्ये एलियास मार्टिन या चित्रकाराचं एक लहान जलरंगचित्र सापडलं, त्यात नदीत रोवलेला लाकडी सांगाडा आणि अर्धवट पूल दिसतो. त्यावरून पुढे अर्ध्या मापाची प्रतिकृती उभारून ती रीत पडताळून पाहण्यात आली.

पूल रहदारीला खुला झाला १ जानेवारी १७८१ रोजी. अंदाज होता ३,२०० पौंडांचा, खर्च त्याच्या दुपटीच्या घरात गेला. वरचा बोजा तिसऱ्या डार्बीने स्वतःवर घेतला आणि तो आयुष्यभर कर्जात राहिला. १७८९ साली, चाळिशीही न गाठता तो गेला. दक्षिण टोकाच्या टोलघरावरचा दरफलक नीट वाचा. कामावर असो वा नसो, सैनिकालाही टोल, टपालगाडीलाही टोल आणि राजघराण्यालाही टोल. १९३४ साली वाहनं बंद झाली, पण पायी जाणाऱ्यांकडून १९५० पर्यंत पैसे घेतले जात होते.

पुलाचं दुखणं लोखंडात नाही, जमिनीत आहे. ओतीव लोखंड दाब भरपूर सोसतं, ताण सोसत नाही. कमानीत बहुतेक सगळा दाबच असतो, म्हणून कमान योग्यच होती. पण ही घळ हिमयुगातल्या पाण्याने खोल कापलेली, मातीचे आणि कोळशाचे थर असलेली. दोन्ही काठ नदीकडे सरकतात. काठ जवळ आले की कमान चिमटली जाते, माथा वर उचलला जातो आणि जिथे ताण येतो तिथे बीड तडकतं. कमानीच्या बाजूंना जुन्या तडा आणि त्यांवर नंतर बांधलेल्या लोखंडी पट्ट्या दिसतात, त्या याच कारणाने. दक्षिणेचा जड दगडी आधार १८०२ मध्ये उतरवून तिथे हलक्या लाकडी कमानी दिल्या, पुढे त्या लोखंडी झाल्या. खरा इलाज १९७२ नंतर झाला. नदीच्या तळाशी दोन्ही आधारांच्या मध्ये काँक्रीटचा अडसर घातला. तो पाण्याखाली असल्याने दिसत नाही, पण आज पूल उभा आहे तो त्याच्या जिवावर. २०१७-१८ च्या दुरुस्तीत पुलाला करड्याऐवजी मूळचा गडद तांबूस तपकिरी रंग दिला. जुनी छायाचित्रं पाहून आलेल्यांना तो परका वाटतो, पण तोच खरा.

दुसरा दिवस ब्लिस्ट्स हिलला. पुलापासून नदीच्या खालच्या अंगाला, शेवटी चढाचा रस्ता. इथे व्हिक्टोरियन काळातलं गाव उभारलं आहे. मुलं बरोबर असतील तर बँकेत जुनी नाणी बदलून घेण्यात आणि दुकानांत त्यांचा वेळ मजेत जाईल. आमच्या मते मात्र तिथे पाहायच्या गोष्टी दोन. पहिली, १८५१ सालची 'डेव्हिड आणि सॅम्सन' ही भात्याची जोडइंजिनं. कोलब्रुकडेलला जे काम चाक आणि भाते करत, ते ही इंजिनं वाफेवर थेट करत. दुसरी, 'हे' नावाचं इन्क्लाइन, म्हणजे होड्या चढवण्या-उतरवण्याचा रुळांचा उतार. कालवा वर आणि नदी २०७ फूट खाली. जलपाशांनी (पाण्याची पातळी पायरीपायरीने बदलणाऱ्या दरवाजांच्या हौदांनी) उतरायचं तर सत्तावीस बांधावे लागले असते आणि तीनेक तास गेले असते. त्याऐवजी उतारावर रूळ टाकले आणि पाच टन मालाची होडीच चाकाच्या गाड्यावर चढवली. भरलेली होडी खाली जाताना दोराने रिकामीला वर ओढते, इंजिनाचं काम थोडंच उरतं. चार माणसं साडेतीन मिनिटांत हा उतार पार करत. कसारा-लोणावळ्याच्या घाटातून नेहमी जाणाऱ्याला चारास एक हा उतार किती उभा आहे, ते वरून पाहताच कळतं. खाली टार टनेल आहे. १७८७ मध्ये कामगार कालव्यासाठी डोंगरात शिरले आणि त्यांना नैसर्गिक डांबराचे झरे लागले.

पाय शिल्लक असतील तर नदीच्या वरच्या अंगाला तीनेक किलोमीटरवर बिल्डवास आहे. १७९५ च्या महापुरात तिथला दगडी पूल वाहून गेला, डार्बीचा लोखंडी पूल मात्र जागचा हलला नाही. पाणी त्याच्या जाळीतून निघून गेलं. हे पाहूनच थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने बिल्डवासला १७९६ मध्ये लोखंडाचा पूल बांधला: गाळा १३० फूट आणि वजन १७३ टन. डार्बीच्या पुलापेक्षा तीस फूट लांब आणि वजनाने निम्म्याहून कमी. सुताराच्या सवयीने ओतलेलं लोखंड आणि लोखंडाचा हिशेब करून ओतलेलं लोखंड, यांत फक्त सतरा वर्षांचं अंतर आहे. टेलफर्डचा तो पूल आज तिथे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या जागी दुसरा आला, कारण तिथलेही काठ सरकतच होते.