मेणाचे पुतळे डोळे का मिचकावतात?

'मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम' (1933) लावलात, तर सुरुवातीचा लंडनचा प्रसंग एकदा नेहमीसारखा बघा आणि मग पुन्हा मागे जाऊन फक्त पुतळ्यांवर नजर ठेवा. एखादा पुतळा अगदी किंचित डुलतो, कुठे पापणी लवते. ही दिग्दर्शकाची युक्ती नाही, नाइलाज आहे. सेटवरच्या दिव्यांच्या उष्णतेत मेण तग धरेना, म्हणून बऱ्याच ठिकाणी जिवंत माणसं पुतळ्यासारखी उभी केली. माणसांना मेणात बुडवून पुतळे करणाऱ्या वेड्याच्या गोष्टीत पुतळे म्हणून खरीच माणसं उभी असावीत, यापेक्षा योग्य चूक सापडणार नाही.

इतके दिवे कशाला, तर रंगासाठी. हा सिनेमा दोन रंगांच्या टेक्निकलरमध्ये, म्हणजे त्या काळच्या रंगीत चित्रीकरणाच्या एका पद्धतीत, चित्रित झाला. भिंगातून आलेला प्रकाश कॅमेऱ्यातला लोलक दोन वाटांना फोडतो, एक लाल फिल्टरमधून आणि दुसरी हिरव्यामधून. दोन्ही प्रतिमा एकाच कृष्णधवल निगेटिव्हवर शेजारशेजारच्या चौकटींत एकदमच उमटतात, एक सुलटी, एक उलटी. म्हणजे प्रत्येक चित्राला दोन चौकटी. एरवी मिनिटाला 90 फूट फिल्म लागते, इथे 180. प्रकाश आधी अर्धा झाला, उरलेल्यातला बराच फिल्टरने खाल्ला, आणि त्या काळची फिल्म मुळातच मंद. ही सगळी तूट दिव्यांनीच भरून काढायची. मेण बिचारं काय करणार!

पुढची करामत छपाईची. निगेटिव्हमधल्या एकाआड एक चौकटी वेगळ्या करून दोन साचे बनवायचे. साचा म्हणजे जिलेटिनचा उठाव, जिथे काळोख जास्त तिथे थर जाड. हिरव्या नोंदीचा, म्हणजे हिरव्या फिल्टरमधून उमटलेल्या चौकटींचा, साचा लालसर-नारिंगी रंगात बुडवायचा, लाल नोंदीचा निळसर-हिरव्या रंगात. मग कोऱ्या फिल्मवर एकापाठोपाठ एक दाबून रंग उतरवायचे, ठसे उमटवतात तसे. दुसरा ठसा केसभर जरी सरकला, तरी प्रत्येक कडेला रंगीत झालर दिसते.

या हिशोबातून काय सुटतं ते समजलं की सिनेमा वेगळाच दिसू लागतो. निळ्याची स्वतंत्र नोंदच नसल्याने निळं कापड हिरवट पाण्याच्या रंगावर जातं. पिवळ्या वस्तूवरून लाल आणि हिरवा दोन्ही प्रकाश परततात आणि पांढऱ्यावरूनही तसंच होतं, त्यामुळे पिवळा रंग फिकट होऊन सायीसारखा दिसतो. जांभळा तर जवळपास हद्दपार. उत्तम येते ती माणसाची कातडी, आणि तिच्या शेजारी शेवाळी सावली. भयपटाला आणखी काय हवं?

कलादिग्दर्शक अँटन ग्रॉट आणि छायाचित्रकार रे रेनाहान यांनी हे नेमकं ओळखलं होतं. तळघरातली कार्यशाळा बघा. तिरके जिने, अवाढव्य कढई, आत रटरटणारं मेण, भिंतींवर हिरवट छटा आणि त्या सगळ्यात अभिनेत्री फे रेचा गुलाबी चेहरा. निळं आकाश दाखवायची वेळच येऊ नये म्हणून बहुतेक गोष्ट रात्री, शवागारात, गल्लीबोळांत आणि तळघरात घडते असं वाटावं, इतकी पटकथा आणि रंगपद्धत एकमेकींना धरून आहेत.

आगीचा प्रसंग मात्र खऱ्या मेणाचा. पुतळे घडवणाऱ्या शिल्पकाराच्या भागीदाराला विम्याचे 10,000 पौंड हवे असतात, तो संग्रहालयच पेटवतो आणि पुतळ्यांचे चेहरे ओघळू लागतात. डोळ्यांच्या खोबण्या खाली घसरतात, गाल हनुवटीवर उतरतात. जे मेण दिव्यांखाली नकोसं झालं होतं, तेच इथे कामाला आलं. हा शिल्पकार, लायोनेल ॲटविलने साकारलेला आयव्हन इगोर, यातून वाचतो, पण हात कायमचे जातात. बारा वर्षांनी तो न्यूयॉर्कमध्ये नवं संग्रहालय उघडतो, आणि शवागारातून प्रेतं नाहीशी होऊ लागतात. शेवटाकडे फे रे त्याच्या चेहऱ्यावर मुठी मारते आणि चेहरा अंड्याच्या टरफलासारखा तडकतो. बघितलं नसेल तर पुढचं सांगत नाही. ॲटविलचा संयम इथे पाहण्यासारखा आहे. मुखवटा तडकेपर्यंत तो चेहऱ्याची फारशी हालचालच होऊ देत नाही.

उणिवाही आहेत. ग्लेंडा फॅरेलची तोंडाळ बातमीदार मला आवडते, खरी नायिका तीच. पण शेवटच्या मिनिटात तिचं लग्न ज्या घाईने ठरवून टाकलंय, ते बघून हसू येतं. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. त्याने आदल्याच वर्षी ॲटविल आणि फे रे यांना घेऊन याच रंगपद्धतीत 'डॉक्टर एक्स' केला होता. पण 1932 मध्येच डिस्नेच्या व्यंगपटातून तीन रंगांचं टेक्निकलर आलं आणि दोन रंगांचे दिवस भरले. मोठ्या स्टुडिओचा या पद्धतीतला हा शेवटचा कथापट.

त्याच 1933 सालचा प्रभातचा 'सैरंध्री' आठवतो का? व्ही. शांतारामांनी तो रंगीत करण्यासाठी जर्मनीत छापून घेतला होता. तिथली पद्धत वेगळी, कॅमेऱ्यात दोन फिल्म एकमेकींवर दाबून एकत्र चालवण्याची, पण रंग तिथेही दोनच. रंग मनासारखे उतरले नाहीत. पौराणिक कथेला लागणारे झगझगीत पिवळे पितांबर आणि निळे शेले नेमके त्याच दोन रंगांच्या कुंपणाबाहेरचे.

'वॅक्स म्युझियम' अनेक वर्षं हरवलेलाच समजत होते. 1970 च्या सुमारास, तो बनवणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या जॅक वॉर्नरच्या खाजगी संग्रहातून एक प्रत निघाली. जुन्या डीव्हीडीत तिचे रंग विटके आणि भलतीकडे झुकलेले आहेत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसीएलए) चित्रपट संग्रहाने नायट्रेट प्रत आणि एक फ्रेंच प्रत जुळवून तो नव्याने सिद्ध केला, आणि 2020 मध्ये तो ब्लू-रेवर आला. तीच प्रत शोधा. हाती आलेली प्रत कुठली हे कळत नसेल तर निळ्याकडे बघा. पडद्यावर कुठेही लख्ख आकाशी निळा दिसला, तर कुणीतरी रंगात हात घातलाय.